अडीच सुतांचा आटा

दिल्लीच्या काश्मीरी गेट भागात मोटारींच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. तेथे ‘अडीच सूत’ असे म्हटले की दुकानदाराचा हात आपोआप योग्य खणाकडे वळतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच. १९५८ च्या ऑक्टोबरपासून देशात दशमान वजने येऊ लागली, शेर आणि मण गेले. सूत मात्र कारागिराच्या जिभेवरून अद्याप उतरलेले नाही. त्याच वर्षी पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी कलकत्त्यास बिलियर्ड्‌सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले. या दोन घटनांचा परस्परांशी तसा काही संबंध नाही. परंतु बिलियर्ड्‌सच्या किंवा पूलच्या काठीचे दोन तुकडे जेथे जोडले जातात, तेथे सूत आणि मिलिमीटर यांची गाठ पडते, आणि ती नेहमीच सलोख्याची असते असे नाही.

एखाद्या खेळाडूची कल्पना करावी. वर्षानुवर्षे हाताळलेली त्याची काठी. तिचा पुढचा निमुळता भाग वाकला आहे. मागचा भाग शाबूत आहे आणि त्यात पोलादी खिळ बसविलेली आहे. नवा पुढचा भाग येतो, त्यात पितळेची आटे पाडलेली पुंगळी आहे, दोन्हींवर माप ‘५/१६’ असेच सांगितले आहे. आणि तरीही एक-दोन फेऱ्यांनंतर काठी अडते. येथे माणसाचा पहिला विचार असतो तो जोर लावण्याचा. त्या एका क्षणात जुन्या काठीचे भवितव्य ठरते, कारण पोलाद पितळेस सोडत नाही. जेथे पुंगळी नसून लाकडातच आटे पाडलेले असतात, तेथे लाकूडच उभे चिरण्याचा धोका असतो.

जाडी सारखी असली म्हणजे आटे जुळतातच, ही समजूत या साऱ्याच्या मुळाशी आहे. ५/१६ जाडीच्या खिळेवर इंचास १८ आटे असू शकतात किंवा १४. काठ्यांत दोन्ही चालतात. पहिल्यात एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर १.४१ मिलिमीटर, दुसऱ्यात १.८१. त्यात ८ मिलिमीटरचा दशमान स्क्रू मिसळला की घोटाळा पुरा होतो. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, तेव्हा डोळ्यांना दोन्ही जुळे भाऊ वाटतात; पण नेहमीच्या दशमान स्क्रूच्या आट्यांतील अंतर १.२५ असते. फेरीगणिक फरक साचत जातो आणि खिळ रुतून बसते. ३/८ इंचाच्या, म्हणजे तीन सुतांच्या, खिळांतही इंचास १० आटे आणि ११ आटे असे दोन घराण्यांचे भेद आहेत.

तिसरा भेद तर मोजूनही सापडत नाही. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये निरनिराळ्या कारखान्यांतील स्क्रू गोळा करून त्यांच्या सरासरीवरून एक पद्धती सुचविली. तिच्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचा कोन पुढे मांडला, कारण साध्या कारागिराला तो पाडणे सोपे. ५/१६ च्या मापात दोन्ही पद्धतींचे आटे इंचास १८ च! दोन्ही एकमेकांत पुष्कळदा फिरतातही. फक्त आट्यांची अंगे पूर्ण टेकत नाहीत. मोटारीत हे चालून जाईल. पण चेंडूचा ठोका हाताला जाणवावा म्हणून जेथे सारी धडपड, तेथे ढिला सांधा कसा खपावा?

दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांनाच एकमेकांचे नटबोल्ट लागेनात, तेव्हा १९४८ च्या नोव्हेंबरात अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी ६० अंशांवर एकमत केले. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची पहिल्या क्रमांकाची समिती स्क्रूच्या आट्यांसाठीच आहे. त्याच १९४७ साली भारतीय मानक संस्था निघाली. १९८७ पासून तिचे कार्य भारतीय मानक ब्यूरो पाहतो, आणि दिल्लीत बहादुरशाह जफर मार्गावरील मानक भवन हे त्याचे मुख्यालय. दशमान आट्यांचे भारतीय मानक आहे. त्याचा क्रमांक ४२१८. काठीच्या सांध्याला मात्र अशी शिस्त लागलेली नाही; प्रत्येक कारागीर आपली खिळ निवडतो. सरकारने त्यातही हात घालावा असे नाही, खेळात थोडी मोकळीक असावीच. पण विकणाऱ्याने जाडी, आट्यांची संख्या आणि कोन एवढे तरी लिहून द्यावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

तोवर भरवसा लेथवाल्यावरच. जाणता कारागीर प्रथम पिच गेजची पाने खिळेच्या आट्यांवर उजेडासमोर धरतो. पान आणि आटा यांमधून प्रकाश दिसला की ते पान बाद. मग कॅलिपरने जाडी. खिळेस तो हात लावीत नाही. पुढच्या भागातील परकी पुंगळी कापून काढतो, भोक मधोमध राहील अशा बेताने लेथवर धरतो आणि जुन्या खिळेच्या आट्यांची नवी पुंगळी चिकटवितो. ती वाळल्यावर दोन्ही भाग बोटांनीच फिरवून जोडावयाचे, शेवटच्या फेरीपर्यंत. मग काठी सपाट फळीवर लोटून द्यावयाची आणि खाली वाकून सांध्याकडे पाहावयाचे. केस मावेल एवढीही फट वरखाली झाली, तर पुंगळी पुन्हा काढावी लागते.