यादवीचा धडा



एकाच राज्यातील माणसे परस्परांवर शस्त्र धरतात, तेव्हा मराठी भाषा त्या युद्धाला 'यादवी' म्हणते. प्रभासक्षेत्री आपल्याच हातांनी नाहीशा झालेल्या यादवकुळाची स्मृती या एका शब्दात साठलेली आहे. परक्या शत्रूशी झालेले युद्ध वर्गात शिकवणे तुलनेने सोपे असते. आपला कोण आणि परका कोण, हे मुलांना आधीच ठाऊक असते. यादवी शिकवताना मात्र तेरा-चौदा वर्षांची मुले पहिल्याच पाच मिनिटांत विचारतात, "मग यांत खरे कोण होते?" शिक्षकाची खरी परीक्षा या प्रश्नापाशी सुरू होते.

मराठ्यांच्या इतिहासात हा प्रश्न १७०७ साली उभा राहिला. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि येसूबाई व सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराजांनी जिंजीहून राज्य जगवले. १७०० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पंचविशीतील ताराबाईंनी आपल्या मुलाच्या नावाने सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला आणि सुमारे अठरा वर्षांच्या कैदेनंतर शाहू सुटून आले. त्यांची सुटका करणाऱ्या मोगलांना मराठ्यांत फूट पडावी असेच वाटत होते. येसूबाई तर १७१९ पर्यंत ओलीसच राहिल्या.

शाहूंचे म्हणणे होते की, गादी थोरल्या पातीची आहे. ताराबाईंचे म्हणणे होते की, पहिले राज्य संभाजी महाराजांबरोबर गेले. आज जे उभे आहे ते राजाराम महाराजांनी आणि त्यांच्या माणसांनी रक्त सांडून नव्याने मिळवलेले आहे. आलेला शाहू तोतया आहे, असाही प्रवाद उठवण्यात आला. दोन्ही बाजूंना आधार होता, दोन्हींकडे शौर्य होते. १७०७ च्या ऑक्टोबरात भीमेकाठी खेड येथे दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले. रामचंद्रपंत अमात्य ताराबाईंच्या बाजूला राहिले. शंकराजी नारायण सचिवांनी ताराबाईंना दिलेली शपथही मोडवेना आणि शाहूंवर शस्त्रही धरवेना, म्हणून प्राणत्याग केला, असे परंपरा सांगते.

हे सारे वर्गात ठेवले की धनाजी फितूर की शहाणे, यावर मुलांचे दोन तट पडतात. चांगला शिक्षक अशा वेळी निकाल देण्याची घाई करीत नाही. तो वर्गाच्या अर्ध्या भागाला ताराबाईंची बाजू मांडायला सांगतो आणि अर्ध्या भागाला शाहूंची. मग बाजू बदलायला लावतो. ज्या मुलाने दहा मिनिटांपूर्वी शाहूंसाठी आवाज चढवलेला असतो, त्याला आता ताराबाईंसाठी कारणे शोधावी लागतात. विरोधकाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता येणे, हे कौशल्य इतिहासाच्या तासाइतके दुसरीकडे क्वचितच मिळते.

त्यानंतर यादवी संपते कशी, हेही सांगावे लागते. १७१४ मध्ये ताराबाईंच्या सवत राजसबाई यांनी सत्ता हाती घेऊन आपल्या मुलाला कोल्हापूरच्या गादीवर बसवले आणि ताराबाई कैदेत पडल्या. अखेर १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर अशी दोन राज्ये मान्य झाली. वारणा नदी सीमा ठरली. एका घरातील वाद मिटायला चोवीस वर्षे लागली. नकाशावरील ती लहानशी नदी दाखवली की, तहाचा अर्थ मुलांना समजतो: कोणालाच सगळे मिळाले नाही, पण लढाई थांबली.

भिलाईच्या मुलांना ही कथा दूरची वाटण्याचे कारण नाही. शाहूंना प्रथम येऊन मिळालेल्या मोठ्या सरदारांत परसोजी भोसले होते. शाहू खरेच आहेत याची ग्वाही म्हणून ते त्यांच्याबरोबर एका ताटात जेवले, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्याच भोसल्यांच्या घराण्यातील रघूजींच्या फौजा १७४१ मध्ये भास्करपंतांबरोबर छत्तीसगडात आल्या आणि पुढे बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. बिंबाजींनंतर नागपूरहून सुभेदार नेमले गेले; त्या काळातील वसुलीची छत्तीसगडी स्मृती कडवट आहे. मराठी घरातील मुलाला जो विस्तार अभिमानाचा वाटतो, तो शेजारच्या बाकावरील छत्तीसगडी मित्राला तसाच वाटेल असे नाही. दोघांनी एकाच वर्गात तो इतिहास वाचणे, हे या गावातील मराठी शाळेचे भाग्य आहे.

आणखी एक कारण अधिक जवळचे आहे. भिलाईच्या पोलादाचे खनिज दल्ली-राजहऱ्याहून येते आणि रावघाटची खाण तर बस्तर विभागातच आहे. त्या बस्तरात कित्येक वर्षे गोळ्यांचे आवाज घुमत राहिले. २००५ मध्ये सलवा जुडूम सुरू झाल्यावर एकाच पाड्यावरील मुले दोन बाजूंना उभी राहिली. आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून शस्त्र देणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. या संघर्षाला यादवी म्हणावे की नाही, यावर मतभेद राहतील. परंतु ज्या मुलाने धनाजींच्या पेचाचा विचार केलेला आहे, तो बातमीतील मृताच्या नावापुढे 'आपला' की 'त्यांचा' हे पाहून थांबणार नाही; त्याच्या गावाचे आणि घराचे काय झाले, हेही विचारील.

यादवी वगळून शिकवलेला इतिहास मुलांना अभिमान देतो, पण मतभेद कसे सोसावेत हे शिकवत नाही. घरात भावाभावांत वाटण्या होतात, वसाहतीत गट पडतात, मित्र दुरावतात. त्या प्रत्येक वेळी वारणेकाठचा तो तह उपयोगी पडतो. म्हणून पालकांनी आपल्या मुलाला आज शाळेत काय झाले, एवढेच न विचारता, "दुसऱ्या बाजूचे म्हणणे काय होते?" हेही विचारावे. हीरक महोत्सवी शाळेच्या वर्गांतून हा प्रश्न विचारणारी मुले यापुढेही घडत राहोत, हीच शुभेच्छा.