आजोबांचं गिरणीतलं खातं

इंग्लंडमध्ये १८४१ पासून दर दहा वर्षांनी झालेल्या जनगणनेत माणसाच्या नावापुढे त्याचा धंदाही लिहिलेला असे. त्यामुळे विणकर पणजोबा तिथं कागदावर सापडतात. आपल्या पाटण, जावळी, खटाव, शिराळ्याच्या घरांतले आजोबा शोधायचे, तर वाट मुंबईच्या गिरण्यांकडे जाते.

घरातली जुनी ट्रंक आधी उघडा. पगाराची पावती, गेटपास, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, काहीही मिळो. त्यावर तिकीट नंबर आणि खातं असतं. साळखातं असेल तर आजोबा मागावर कापड विणत होते. ‘बदली’ असा शिक्का असेल तर रोज सकाळी गेटवर उभं राहून, कुणी गैरहजर असला तरच त्यांना काम मिळे. केवढी अनिश्चित जिंदगी ती! १९८२ च्या गिरणी संपानंतर कितीतरी जण गावी परतले. हे कागदही त्यांच्याबरोबरच आले.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. १९४९ पूर्वी आजच्या सांगलीतले वाळवा, शिराळा, तासगाव हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. तेव्हा त्या काळच्या कागदावर ‘जिल्हा सातारा’ दिसलं, तरी गाव शिराळ्याचं असू शकतं.