नुसते ओठ हलवू नका



आज मी गाण्याबद्दल बोलणार आहे, पण गायकांबद्दल नाही. म्हणजे ज्यांची नावं आपण फलकावर वाचतो, ज्यांना आपण तिकीट काढून ऐकायला जातो, त्यांच्याबद्दल नाही. मी बोलणार आहे ती अशा माणसांबद्दल, जी आठवड्यातून एकदा शाळेच्या रिकाम्या वर्गात किंवा कुणाच्या तरी दिवाणखान्यात जमतात, दोन तास एकत्र गातात आणि मग घरी जाऊन कुकर लावतात. अशा हौशी गाणाऱ्यांच्या एका गटात, कोलकात्यात, मी गेली बरीच वर्षं गाते आहे.

सुरुवात शाळेपासून करते. मी पाचवीत होते. स्नेहसंमेलनासाठी समूहगीत बसवत होते. तिसऱ्या तालमीला बाई माझ्याजवळ आल्या, वाकून कान लावला आणि हळूच म्हणाल्या, ‘तू नुसते ओठ हलव हं, आवाज काढू नकोस.’ वाईट हेतूने म्हणाल्या नाहीत. त्यांना गाणं चांगलं व्हायला हवं होतं. मी ओठ हलवले, टाळ्याही मिळाल्या. पण त्यानंतर तीस वर्षं मी गायले नाही. गणपतीत आरतीच्या वेळी घंटा वाजवायचं काम मी आपणहून मागून घ्यायची. घंटा वाजवणाऱ्याचा आवाज कुणी ऐकत नाही.

तुमच्यातही असे ओठ हलवणारे असतील. हे बोलणं त्यांच्यासाठी आहे.

बँकेच्या बदलीने मी कोलकात्याला आले. ऑफिसातली एक मैत्रीण दर रविवारी सकाळी ‘क्वायर’ला जायची. एकदा मला ओढूनच घेऊन गेली. गट चालवणाऱ्या दीदींना मी आधीच सांगून टाकलं, मला गाता येत नाही. त्या म्हणाल्या, ‘बोलता येतं ना? मग बसा.’ त्यांनी हार्मोनियमवर एक स्वर धरला, मला नुसता ‘आ’ लावायला सांगितला. मग एकेक स्वर खाली उतरत गेल्या. तीनचार स्वर खाली गेल्यावर माझा आवाज त्या स्वरात नीट जाऊन बसला. दीदी म्हणाल्या, ‘तुम्ही अल्टो.’ पाचवीत मी बेसूर नव्हते, मंडळी. माझा आवाज खालचा होता आणि गाणं माझ्यासाठी फार वर बसवलेलं होतं. एवढंच!

इथे थोडं समजावून सांगायला हवं. आपल्याकडे समूहगीत म्हणजे सगळ्यांनी एकच चाल एकदम गायची. क्वायरमध्ये साधारण चार गट असतात. बायकांचा वरचा आवाज सोप्रानो, खालचा अल्टो, पुरुषांचा वरचा टेनर, खालचा बेस. गाणं एकच, पण चौघांच्या ओळी वेगळ्या. माझी अल्टोची ओळ एकटी ऐकलीत तर तुम्ही म्हणाल, हे काय गाणं आहे? चार स्वरांत घुटमळतंय नुसतं. पण बाकीच्या तिघी जोडीला आल्या की त्या घुटमळण्याला अर्थ येतो.

हे सगळं विलायती आहे, आपलं नाही, असं काही जण म्हणतात. अर्धं खरं आहे. रागसंगीत एका स्वरओळीचं, त्यात एकाच वेळी चार ओळी बसवणं अवघड. पण ही कला या देशात रुजली, आणि निरनिराळ्या वाटांनी रुजली. खासी टेकड्यांत १८४१ साली आणि मिझो टेकड्यांत १८९०च्या दशकात मिशनरी पोहोचले. पुढे त्यांच्यामार्फत ‘टॉनिक सोल-फा’ नावाची लेखनपद्धती तिथे गेली. त्यात पाच रेघांचा कागद लागत नाही. स्वर साध्या अक्षरांनी लिहितात, आणि ‘डो’ कुठल्याही पट्टीत धरता येतो. म्हणजे आपल्या ‘सा’सारखाच! ज्याच्याकडे पियानो नाही, पेटी नाही, तोही वाचून गाऊ शकतो. मिझोरमच्या गावागावांत चार आवाजांत गाणारे गट दिसतात, त्यामागे ही साधी अक्षरं आहेत. पण तिथे याहूनही एक मोठी गोष्ट आहे. घरात कुणी गेलं की गावातली माणसं त्या घरी रात्री जमतात आणि खुआंग नावाच्या ढोलाच्या ठेक्यावर एकत्र गातात. तिथे कुणी कुणाच्या आवाजाची परीक्षा घेत नाही. दुःख असलेल्या घराला एकटं ठेवायचं नाही, एवढाच हेतू.

दुसरी वाट बंगालची. १९४३ साली ‘इप्टा’ स्थापन झाली आणि गणसंगीत रस्त्यावर, सभांत आलं. सलिल चौधरींनी त्यात आपली लोकधून आणि पाश्चात्त्य स्वरमेळ एकत्र आणले. १९५८ साली रुमा गुहठाकुरता यांनी ‘कॅलकटा यूथ क्वायर’ सुरू केलं, त्यातही सलिलदा होते. मद्रासमध्ये एम. बी. श्रीनिवासन या चित्रपट संगीतकाराने तरुणांचं क्वायर उभं केलं. मुंबईत १९५६ साली व्हिक्टर परांज्योतींनी आपला गट सुरू केला आणि त्यांच्यानंतर कूमी वाडियांनी तो कित्येक दशकं चालवला.

आणि एक दुवा आपला, मराठी माणसाचा. विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गाणं मैफलीतून काढून सामान्य घरांत नेलं. त्याच परंपरेतले विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ साली दिल्लीत गांधर्व महाविद्यालय उभारलं. त्यांच्याच एका गीताला वसंत देसाईंनी चाल दिली आणि विजया मुळे यांनी १९७४ साली ‘एक अनेक और एकता’ ही छोटी अॅनिमेशन फिल्म केली. दूरदर्शनच्या काळातल्या मुलांना ती अजून पाठ आहे.

आता मला क्वायरमध्ये सगळ्यांत आवडलेली गोष्ट सांगते. श्वास.

कधीकधी एक स्वर सोळा-वीस मात्रा लांबवायचा असतो. एवढा दम कुणाचाच नसतो. मग काय करायचं? दीदींनी पहिल्या महिन्यात शिकवलं. शेजारचा श्वास घेतो तेव्हा तुम्ही घ्यायचा नाही. तुमचा दम संपायच्या आधीच हळूच थांबायचं, श्वास घ्यायचा आणि कुणाला कळणार नाही असं पुन्हा स्वरात शिरायचं. प्रत्येक जण मध्ये थांबतो, पण स्वर थांबत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, हे लोक श्वासच घेत नाहीत की काय! मी बँकेत, घरात, सगळीकडे ‘मी थांबले तर सगळं थांबेल’ अशा धास्तीत जगणारी बाई. मला पहिल्यांदा कळलं की थांबता येतं. दुसरे असतात.

यावर संशोधनही झालं आहे. २०१३ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी एकत्र गाणाऱ्या तरुणांच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद घेतली. गाण्याने श्वास एका लयीत येतो आणि त्याबरोबर ठोक्यांचा वेगही एकदम वाढतो, एकदम कमी होतो, असं त्यांना दिसलं. २०१५ साली ऑक्सफर्डच्या अभ्यासात गाण्याच्या वर्गांची तुलना हस्तकलेच्या आणि लेखनाच्या वर्गांशी केली होती. सात महिन्यांनी सगळ्याच वर्गांतली माणसं एकमेकांच्या जवळ आली होती. फरक एवढाच, की गाणारी फार लवकर जवळ आली. म्हणजे गाण्यात जादू आहे असं नाही. अनोळखी माणसांमधला पहिला संकोच गाणं पटकन मोडतं.

पण मंडळी, जवळ आलेली माणसं एकमेकांना दुखवतातही. ते सांगितलं नाही तर हे बोलणं खोटं होईल.

आमच्या बेसमध्ये एक गृहस्थ होते, पंचाहत्तरीच्या पुढचे. आम्ही सगळे त्यांना मेशोमशाय म्हणायचो. बंगालीत मावशीच्या यजमानांना असं म्हणतात. गटाच्या पहिल्या दिवसापासूनचे. हळूहळू त्यांचा लांब स्वर उतरू लागला. थोडासाच, पण उतरायचा, आणि शेजारच्या दोघांना बरोबर खाली न्यायचा.

त्या वर्षी शहरातल्या एका स्पर्धेत उतरायचं ठरलं. नियम होता, मंचावर चोवीस जणच. आम्ही सत्तावीस. दोघं आपणहून मागे सरले. तिसरं कोण? त्या रविवारी मेशोमशाय आले नव्हते. कुणीतरी त्यांचं नाव काढलं. हात वर करून मतं घेतली. मी हात वर केला.

त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण आम्ही दोघं एकाच बसने जायचो. मी बसमध्ये फार गोड बोलले. म्हटलं, ‘मेशोमशाय, सगळ्यांनी ठरवलंय, या वेळी तुम्ही पुढे बसून ऐका. कसं होतं ते आम्हाला सांगा.’ ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, ‘अच्छा. म्हणजे मी ओठसुद्धा हलवायचे नाहीत.’

माझी पाचवीची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती. याच बसमध्ये.

स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं. खोटं कशाला सांगू, आनंद झाला. मेशोमशाय आले होते, टाळ्या वाजवून गेले. एका कडव्याला मात्र बेस अर्धी मात्रा उशिरा उठला. का, ते पुढच्या रविवारी कळलं. इतकी वर्षं मेशोमशाय सुरुवातीच्या आधी मान किंचित उचलून श्वास घ्यायचे आणि बाकीचे बेसवाले त्या मानेकडे बघून उठायचे. त्यांच्यापैकी एकालाही ते माहीत नव्हतं! मेशोमशायांनाही नव्हतं.

ते चार रविवार आले नाहीत. पाचव्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. चहा झाला. मी पुन्हा तेच म्हटलं, सगळ्यांनी ठरवलं होतं. त्यांनी विचारलं, ‘तू हात वर केला होतास?’ मी म्हटलं, हो. ‘मग तसं सांग. सगळ्यांनी ठरवलं म्हणू नकोस.’ मी तसं सांगितलं. ते वाक्य माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही लांब स्वरापेक्षा अवघड गेलं.

त्यांनी कान तपासून घेतला. उजव्या कानाने बरंच कमी ऐकू येत होतं, आणि ते उभे राहायचे डाव्या टोकाला. म्हणजे सगळा गट त्यांच्या उजव्या कानाकडे! त्यांना आपलाच आवाज पुरता जुळवून बघता येत नव्हता. दीदींनी त्यांना दुसऱ्या टोकाला नेलं, चांगला कान गटाकडे केला, शेजारी पक्क्या सुराचा माणूस उभा केला. सूर पूर्ण सावरला असं नाही म्हणणार मी, पण बराच सावरला. इतकी वर्षं आम्ही त्यांचा सूर ऐकत होतो. त्यांना काय ऐकू येतं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

याची किंमतही मोजावी लागली. स्पर्धेसाठी कुणाला वगळायचं नाही असं ठरल्यावर आमचे दोन उत्तम आवाज दुसऱ्या गटात गेले. तो गट आमच्यापेक्षा चांगला गातो. मी ऐकायला जाते, मनापासून टाळ्या वाजवते. चांगलं गायची आस चूक नाही. तीही हवीच, नाहीतर तालीम म्हणजे नुसत्या गप्पा होतील. पण प्रत्येक गटाने एकदा ठरवायला हवं, की आपण गाण्यासाठी माणसं जमवतोय की माणसांसाठी गाणं. दोन्हींना जागा आहे. फक्त माणसाला बसमध्ये खोटं सांगू नये.

तुम्हाला असा गट सुरू करावासा वाटला तर चार गोष्टी सांगते. आठदहा माणसं पुरतात. वार आणि वेळ ठरवा आणि ती मोडू नका. प्रत्येकाचा आवाज कुठे आरामात बसतो ते आधी बघा. मग पट्टी ठरवा, पट्टीसाठी माणूस ताणू नका. चार ओळी जमत नसतील तर दोन घ्या, किंवा एकाच गाण्याचा फेर धरा, म्हणजे अर्धे जण एक ओळ मागून सुरू करतील. त्यातूनच कान तयार होतो. आणि कुणी म्हणालं, मला गाता येत नाही, तर विचारा, हे तुम्हाला कुणी सांगितलं? बहुतेकांना ते नाव आठवतं.

मेशोमशाय अजून येतात. मान उचलून श्वास घेतात. आता सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे सगळे बघतात, आणि ते थोडे लाजतात.

यंदा गणपतीत कोलकात्याच्या आमच्या महाराष्ट्र मंडळात मी घंटा दुसऱ्याच्या हातात दिली.