नागरिकत्व काढून घ्यावे काय?

मुलगा वाईट मार्गाला लागला की बाप रागाच्या भरात म्हणतो, "आजपासून तू माझा नाहीस." राष्ट्रानेही आपल्या माणसाला असे म्हणावे काय? फ्रान्समध्ये या प्रश्नावर मोठा वाद झाला. त्याची हकीगत आज सांगतो.

१३ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री पॅरिस परिसरात दहशतवाद्यांनी १३० माणसे मारली. मारेकऱ्यांपैकी काही फ्रान्समध्येच जन्मलेले. तीनच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष ओलांद यांनी संसदेपुढे घटनादुरुस्तीची घोषणा केली. ज्याच्यापाशी दुसऱ्याही देशाचे नागरिकत्व आहे, त्याला दहशतवादाबद्दल शिक्षा झाली, तर तो फ्रान्समध्ये जन्मलेला असला तरी त्याचे फ्रेंच नागरिकत्व काढून घ्यावे, अशी ती सूचना होती.

समर्थक म्हणाले, ज्याने देशबांधवांवर शस्त्र धरले, त्याने नाते आपणच तोडले. म्हणणे खोटे नाही. पण विरोधकांनी विचारले, जो मरायलाच निघाला, तो कागद जाण्याला भिणार आहे का? शिवाय एकाच गल्लीत जन्मलेल्या दोघांनी एकच गुन्हा केला. एकाचे आईबाप मोरोक्कोहून आलेले, म्हणून त्याचे नागरिकत्व जाणार, दुसऱ्याचे राहणार. मग कायद्यापुढे सगळे सारखे कसे? बरे, दोघांचेही काढावे, तर दुसऱ्याला कोणताच देश उरत नाही. आणि प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे, असे सांगणारा मानवी हक्कांचा जाहीरनामा १९४८ साली पॅरिसमध्येच संमत झाला होता!

जुनी आठवणही होती. १९४० साली विशी सरकारने कायदा करून पुढे सुमारे १५,००० लोकांचे नागरिकत्व काढून घेतले. त्यांत ज्यू पुष्कळ होते. त्याच सरकारने जनरल द गॉल यांचेही नागरिकत्व काढले. तेच द गॉल पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले!

न्यायमंत्री क्रिस्तियान तोबिरा यांनी जानेवारी २०१६ मध्ये राजीनामा दिला. संसदेच्या दोन सभागृहांनी वेगवेगळे मसुदे मंजूर केले. एकमत होईना. शेवटी ३० मार्च २०१६ रोजी ओलांद यांनी दुरुस्ती सोडून दिली.

गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, आणि त्यासाठी न्यायालये आहेत, तुरुंग आहेत. पण आज दुष्टासाठी घडवलेले हत्यार उद्या कोणाच्या हाती पडेल, हे कोणी सांगावे? शिक्षकांनी हा प्रश्न वर्गात जरूर मांडावा. मुले काय म्हणतात, ते ऐकण्याजोगे असेल.