रोजच्या जागेचं छायाचित्र



छायाचित्रं काढणाऱ्या माणसाला लोक हमखास विचारतात, "तुमची आवडती जागा कोणती?" लडाख, काझीरंगा असं काहीतरी ऐकायची त्यांची तयारी असते. माझं उत्तर आहे अंजनवेल. गुहागर तालुक्यात वाशिष्ठी समुद्राला मिळते, तिच्या दक्षिण तीरावरचं हे गाव. पैलतीराला दाभोळ, अलीकडे गोपाळगड, आणि समुद्राच्या टोकावर टाळकेश्वराचं देऊळ व दीपगृह. छायाचित्रणातलं मला जे थोडंफार कळलं, ते इथल्या रोजच्या गोष्टींनी शिकवलं.

पहिला धडा जांभा दगडाचा. गोपाळगडाची तटबंदी जांभ्याची आहे. हा किल्ला आदिलशाही अमलातला; अठराव्या शतकात तुळाजी आंग्र्यांनी तो जिंकला आणि त्याचं नाव गोपाळगड ठेवलं. भर दुपारी त्याची भिंत नुसती तांबडी, सपाट दिसते. ऊन कललं, उजेड भिंतीला घासून जाऊ लागला, की दगडातलं प्रत्येक भोक सावलीने भरतं, चिऱ्यांचे सांधे उठून दिसतात. पावसात हाच दगड काळपट होतो आणि त्याच्यावरचं शेवाळ झळकायला लागतं. उजेड किती आहे, यापेक्षा तो कुठून येतोय हे आधी पाहावं, हा धडा मला या भिंतीने दिला.

दुसरा धडा खाडीतल्या बगळ्याचा. चिखलात उभा असलेला शुभ्र बगळा चौकटभर टिपला, तर तो चित्रात मळकट येतो. कारण कॅमेऱ्याचं मोजमाप समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतं. पांढऱ्याला पांढरं ठेवायचं, तर आपण होऊन थोडा उजेड वाढवावा लागतो. बगळा लहान आणि भोवतीचा काळा चिखलच जास्त असेल, तर उलट उजेड कमी करावा लागतो. यंत्र मोजतं; समोर काय आहे, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

तिसरा धडा इथल्या दर्यावर्दी माणसांचा. भरती कधी, हे त्यांना तिथीवरून कळतं. तिथीची पाऊणपट करायची, की साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे अष्टमीच्या संध्याकाळी पाणी काठाशी असतं, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या सूर्यास्ताला सुकती, म्हणजे ओहोटी असते, खडक उघडे पडलेले असतात. ओल्या खडकांवरचा सोनेरी उजेड हवा असेल, तर घड्याळाआधी पंचांग बघावं. सूर्यही एका जागी मावळत नाही. टाळकेश्वराच्या टोकावर एकाच दगडावर उभं राहून वर्षभर पाहिलं, तर मावळतीची जागा क्षितिजावर दक्षिणोत्तर मिळून जवळपास 50 अंश सरकते.

आणि भाद्रपदातला सडा, म्हणजे कातळाचं पठार! एरवी लोक ज्याला नुसता कातळ म्हणून ओलांडून जातात, तिथे पाणी साचलेल्या खळग्यांत सीतेची आसवं निळी-जांभळी फुलतात, बाजूला गेंदाचे पांढरे गोंडे. सीतेच्या आसवांची फुलं बोटाच्या पेराएवढीसुद्धा नसतात. ही कीटकभक्षी वनस्पती. तिच्या इवल्या पिशव्या ओल्या मातीत आणि पाण्यात सूक्ष्म जीव पकडतात. तिचं चित्र उभ्याने निघत नाही. कातळावर पालथं पडावं लागतं, कोपर भिजवावं लागतं, आणि शेजारचं फूल चिरडणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

या सगळ्यामागचा मोठा धडा आपल्याच मातीतल्या एका माणसाने घालून दिला आहे. दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरचे, जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, काही काळ गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय केलेले. 1912 साली ते लंडनमध्ये कॅमेऱ्याची खरेदी करून परतले. चित्रपटासाठी भांडवल उभं राहात नव्हतं. त्यांनी काय केलं? एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपली. पडद्यावर बी रुजताना, अंकुर वर येताना लोकांना डोळ्यांदेखत दिसला. 'अंकुराची वाढ' पाहून पैसे लावणाऱ्याचा विश्वास बसला, आणि 1913 च्या मे महिन्यात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. भारतीय चित्रपटाची वाट एका कुंडीजवळून गेली आहे.

लांब युरोपात प्रागचे छायाचित्रकार योसेफ सुडेक यांनीही अशीच एक साधी गोष्ट पुन्हापुन्हा टिपली. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला होता. 1940 पासून पुढे वर्षानुवर्षं ते आपल्या स्टुडिओच्या खिडकीची चित्रं काढत राहिले. काचेवरची वाफ, दव, बाहेरचं वाकडं झाड. जगाने त्या खिडकीला नावाजलं.

सौंदर्य दुर्मीळ नसतं, दुर्मीळ असतं ते पुन्हापुन्हा पाहणं. म्हणून माझी विनंती आहे, विशेषतः शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींना. मोबाइल तुमच्या खिशात आहेच. घराजवळची एकच गोष्ट निवडा: विहिरीचा काठ, आजीचे हात, पडवीतला उजेड, गोठ्याचं दार. महिनाभर रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी तिचं एकच चित्र काढा. महिना संपला की सगळी चित्रं शेजारी-शेजारी मांडून बघा. तुमचा शिक्षक त्यातच सापडेल.