पाटीवरच्या पदव्या आणि आतली लॅब

डिलाईल रोडवरच्या आपल्या नेहमीच्या खोलीतून बोलतोय, त्यामुळे मधेच भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या. आजचा विषय एका श्रोत्याने सुचवलाय. मूल होत नाहीये, नातेवाईक रोज नवीन सेंटरचं नाव आणतायत, तर डॉक्टर निवडायचा कसा? मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण मी आणि बायको दीड वर्ष याच रांगेत आहोत, म्हणून बोलतो.

आपल्याकडून केईएमला चालत अर्धा तासही लागत नाही. ६ ऑगस्ट १९८६ ला तिथे हर्षा जन्मली. वैज्ञानिक नोंदी असलेली भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. नाव घेतलं जातं डॉ. इंदिरा हिंदुजांचं, आणि ते घ्यायलाच हवं. पण शेजारच्या आयसीएमआरच्या संस्थेतले शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार त्यात बरोबरीने होते. म्हणजे स्त्रीबीज बाहेर काढणारा हात एक, आणि लॅबमध्ये भ्रूण सांभाळणारा दुसरा. आपण मात्र फक्त पहिल्याची चौकशी करतो.

आधी पाटी वाचा. 'वंध्यत्व तज्ज्ञ' ही पदवी नाही. एमडी, एमएस किंवा डीएनबी स्त्रीरोगशास्त्रात आहे का, त्यापुढे या उपचारांचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, हे विचारा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक ऑनलाइन तपासता येतो. दुसरं म्हणजे, २०२१ च्या एआरटी कायद्याने क्लिनिकचीही नोंदणी सक्तीची केलीये. लेव्हल १ ला आययूआयपर्यंतच परवानगी, आयव्हीएफ करायचं तर लेव्हल २ पाहिजे. प्रमाणपत्र दाखवा म्हणायला लाजू नका. भाड्याने खोली घेताना आपण अॅग्रीमेंट बघतोच ना?

मग लॅब. एम्ब्रियॉलॉजिस्ट कोण आहे? रोज इथे असतो की चार सेंटर फिरतो? नमुन्यांवरची नावं दुसरं माणूस पडताळून बघतं का? हे शेवटचं मी हमखास विचारतो, आमच्या धंद्यात एकट्याने तपासलेला कोड पुढे जात नाही.

आता टक्के. जाहिरातीत मोठ्ठा आकडा असतो, पण कशाचा? समजा, माझंच उदाहरण घ्या, खरी आकडेवारी नाही ही: १०० जणींनी उपचार सुरू केले, ८० जणींचं ट्रान्सफर झालं, ४० जणींची टेस्ट पॉझिटिव्ह आली, ३० बाळं घरी गेली. क्लिनिक छातीठोक सांगेल ५० टक्के. चाळीस भागिले ऐंशी, हिशोबात चूक नाही. पण कर्ज काढून आलेल्या जोडप्यासाठी आकडा ३० चा आहे. त्यातही वय बघा. २८ वर्षांच्या बाईचे आणि ४१ वर्षांच्या बाईचे टक्के एकत्र घोटून सांगितले, तर ते कोणाच्याच उपयोगाचे नाहीत. म्हणून प्रश्न असा विचारा: माझ्या बायकोच्या वयाच्या किती जणींनी सुरुवात केली आणि किती बाळं जन्माला आली? यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम हे सगळं जोडप्याला समजावून सांगणं कायद्यानेच क्लिनिकवर बंधनकारक आहे. तुम्ही उपकार मागत नाही आहात.

एका ठिकाणी (नाव नाही घेत) पहिल्या भेटीतच पॅकेजचा कागद पुढे आला. माझी वीर्यतपासणी झालीच नव्हती तेव्हा! आम्ही चहा पिऊन निघालो. पुरुषाची ही तपासणी साधी, स्वस्त, आणि तरी आपल्याकडे आधी सहा महिने बाईच्या सोनोग्राफ्या चालतात. सासूबाई, आई, चाळीतल्या काकू, सगळ्यांचं बोट तिच्याकडेच. जो डॉक्टर पहिल्या दिवशी नवऱ्यालाही खुर्चीत बसवतो, त्याच्याबद्दल माझं मत लगेच चांगलं होतं.

आणि हो, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावा, मूळ प्रती स्वतःकडेच ठेवा. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं म्हटल्यावर पहिला रागावला, तर फाईल उचला आणि निघा.