आधी गाडीचं ठरवू

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांकडून पाच मिनिटं मी मागून घेतली आहेत. सरांसमोर दारूचा विषय काढताना अजूनही जीभ अडखळते. पण कार्यक्रम संपल्यावर आपल्यातले काही जण बायपासवरच्या ढाब्यावर ‘बसणार’ आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे; सरांनाही. प्यावं की नाही, हे मी सांगणार नाही. मला एवढंच विचारायचं आहे, उठल्यावर गाडी कोण चालवणार?

पुण्या-मुंबईत मोबाइलवर बोट ठेवलं की टॅक्सी दारात येते. आपल्या वाशीम जिल्ह्यात रात्री अकरानंतर रिसोडला किंवा मानोऱ्याला जायचं तर हाताशी उरते ती आपलीच मोटारसायकल. म्हणून आधी ठरवण्याची गरज आपल्याला जास्त. आणि ठरवायचं ते पहिल्या घोटाआधी. नंतर प्रत्येकालाच वाटतं, “मले काहीच झालं नाही बे!”

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यांश सापडला, तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय पिऊन चालवताना अपघात झाला, तर विमा कंपनी स्वतःच्या गाडीची भरपाई नाकारू शकते आणि चालवणाऱ्या मालकाचा अपघात विमाही. म्हणजे घरचा माणूस जातो आणि हप्ते भरूनही घरच्यांच्या हाती काही येत नाही.

१ जुलै २०२३ ला आपला जिल्हा पंचवीस वर्षांचा झाला. त्याच दिवशी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले. चालकाच्या रक्तात मद्यांश आढळल्याचं नंतर वर्तमानपत्रांत आलं. तोच रस्ता आपल्या कारंजा-मालेगावातून जातो. तेव्हा भाड्याची गाडी केली, तरी ड्रायव्हरला वेळेवर जेवू घाला, झोपू द्या. “तूही घे रे थोडी” म्हणू नका.

लिंबू, दही, थंड पाण्याची अंघोळ यांनी दारू उतरत नाही. यकृत आपल्याच गतीनं काम करतं. एक लहान पेग निघायला साधारण तास लागतो, कधी जास्तही. मध्यरात्रीपर्यंत पाच-सहा घेतलेल्याच्या रक्तात पहाटेही ती असू शकते. पहाटे पुण्याला निघणाऱ्यांनी याचा हिशेब ठेवावा.

सगळ्यात अवघड गोष्ट कायदा नाही, आपला आग्रह आहे. पुरणपोळीचा आग्रह करावा तसा आपण पेल्याचा करतो. नाही म्हणणाऱ्याला चिडवतो, “बायकोले भेतं का?” गाडी चालवणाऱ्याला तरी हे म्हणू नका. आपल्याकडे पाहुण्याला वेशीपर्यंत सोडायला जायची रीत होती. पाहुणा सुखरूप वाटेला लागला, की मगच यजमान घरी परतायचा. तो आग्रह आपण विसरलो.

म्हणून आजच्यापुरतं असं करू. प्रत्येक गाडीमागे एक न पिणारा. त्याच्या जेवणाचे पैसे बाकीच्यांनी द्यायचे. असा माणूस नसेल, तर किल्ली बसण्याआधीच संयोजकांकडे. कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये वीस गाद्या सांगून ठेवल्या आहेत. थांबणाऱ्यांनी आत्ताच घरी फोन करावा. कारण रात्री उशिरा कुणी थांबायला तयार होत नाही. मोटारसायकली कार्यालयाच्या आवारात राहतील, फाटकाला कुलूप असेल. निघालेल्यानं घरी पोचल्यावर ग्रुपवर ‘पोचलो’ एवढं टाकावं. वाटेत कुठेही अपघात दिसला, तर १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

नोंदणीच्या टेबलावर वही आहे. शाळेत हजेरी सर घ्यायचे, आज आपली आपण लावू. चहाला उठाल तेव्हा गाडीचा नंबर आणि चालवणाऱ्याचं नाव लिहा.